उपाशी मातीची फुलं

आज एक कोडं घालते. सुटतंय का बघा.

एका माणसानं जमिनीत एक लोखंडी खांब पुरला. अगदी पुरता पुरला. खांबाचं डोकं जमिनीच्या बरोबरीला आलं, तेव्हा तो थांबला. पुढे त्या खांबाला कुणी उपसलं नाही, कुणी खालून ढकललं नाही. आणि तरीसुद्धा आज तो खांब जमिनीच्या वर सुमारे चार मीटर उभा आहे! चौथीतली तीन मुलं एकाच्या डोक्यावर एक उभी केली, तर साधारण तेवढा. आता सांगा, खांब वाढला कसा?

विचार करा. उत्तर सांगणार आहे. पण त्याआधी आमच्या शाळेची एक फजिती ऐका. कारण त्या फजितीमुळेच आम्ही या खांबापर्यंत जाऊन पोचलो.

शाळेमागची फजिती

मी सातारा जिल्ह्यातल्या डोंगराकडच्या एका लहान गावात प्राथमिक शिक्षिका आहे. आमच्या शाळेमागे थोडी मोकळी जागा आहे. जमीन मुरमाड. उन्हाळ्यात पाय भाजतात आणि पावसाळ्यात तिथे पाणी थबथबतं. तीन वर्षांपूर्वी माझ्या वर्गाच्या मनात आलं, की इथे रानफुलांचा ताटवा करायचा. गुलाब, शेवंती नको. आपल्याच माळावरची फुलं हवीत. तेरडा, सोनकी, कवला, कुर्डू.

मुलांनी दिवाळीच्या सुट्टीत बांधावरून, पायवाटेच्या कडेनं बी गोळा केलं. कागदाच्या पुड्या बांधल्या, त्यांवर नावं लिहिली. तेरड्याचं बी गोळा करताना किती हसलो! पिकलेल्या बोंडाला नुसतं बोट लावलं, की ते फट्‌कन फुटतं आणि बी कुठल्या कुठे उडतं.

जूनमध्ये जागा साफ केली. आता मी डी.एड.ला असताना कार्यानुभवाच्या तासाला वाफे करायला शिकले होते. पण ते भाजीचे! माती भुसभुशीत करा, शेणखत घाला, मग बी पेरा. मी तसंच केलं. मुलांनी घरून घमेली भरभरून शेणखत आणलं. एका पालकांनी तर बैलगाडीच आणून रिकामी केली. आम्ही सगळीकडे खत पसरलं आणि वर बी फेकलं.

श्रावणात काय झालं असेल? हिरवंगार झालं हो! पण ती आमची फुलं नव्हतीच. गुडघ्याच्या वर गवत, त्यात टाकळा, त्यात आघाडा. तेरडा शोधावा लागत होता. मुलांची तोंडं एवढीशी झाली. एकच जागा वेगळी होती. अगदी टोकाला, कुंपणापाशी, जिथं खत पुरलं नव्हतं, तिथं वीतभर पट्टीत तेरडा छान फुलला होता. शेजारी दोन-चार पिवळी कवल्याची फुलंही होती.

वर्गातल्या एका मुलीचे आजोबा तिला न्यायला आले होते. त्यांनी सगळं पाहिलं आणि म्हणाले, “बाई, रानफुलाला तूप-पोळी घातली व्हय तुम्ही? ते भाकरी-मिठावर वाढलेलं पोर. तूप-पोळी खायला दुसरेच येऊन बसले बघा!”

सगळे हसले. मीही हसले. पण आजोबांचं बोलणं मनात राहिलं. खत घातलं तर झाड चांगलं येतं, हे आपण पुस्तकात शिकतो. मग इथे उलटं का झालं?

ताईने सांगितलेली गोष्ट

त्याच वर्षी दिवाळीत माझी मावसबहीण घरी आली. ती नोकरीनिमित्त इंग्लंडात, केंब्रिजच्या बाजूला राहते. मी तिला आमची फजिती सांगितली, तर ती म्हणाली, “अगं, आमच्याकडेही लोक हेच शिकतायत. तिथे फुलांचं कुरण करायचं असलं, की आधी मातीला उपास घडवतात.”

मातीला उपास! मला गंमतच वाटली. मग तिनं मोबाइलवर तिकडचे फोटो दाखवले. त्यात तो खांब होता. शाळा सुरू झाल्यावर ताईला मी वर्गात घेऊन गेले. तिनं मुलांना जे सांगितलं आणि नंतर आम्ही जे वाचून काढलं, ते आता तुम्हाला सांगते.

इंग्लंडच्या पूर्वेला ‘फेन्स’ नावाचा मोठा सखल प्रदेश आहे. काही शतकांपूर्वी तिथे दलदल होती. पाणी, बोरू, लव्हाळे आणि पक्षी. अशा पाण्यात झाडं मरून पडली, तर ती नीट कुजत नाहीत. कुजवणाऱ्या बारीक जीवांना हवा लागते, आणि पाण्याखाली हवा फारशी पोचत नाही. मग पानं, मुळं, काड्या अर्धवट कुजून एकावर एक साठत जातात. त्याची काळी, स्पंजसारखी मऊ माती होते. तिला म्हणतात ‘पीट’.

हे साठणं फार सावकाश चालतं. वर्षाला साधारण एक मिलिमीटर! म्हणजे तुमच्या पट्टीवरची एक बारीक रेघ. एक मीटर पीट साठायला ढोबळमानानं हजार वर्षं लागतात. छत्रपती शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकापासून, म्हणजे १६७४ पासून आजपर्यंत, फूटभर थर साठला असता, एवढंच.

पीटमध्ये वस्तू किती टिकतात बघा. २०१२ मध्ये तिथल्या एका शेतात जमिनीखाली ओकच्या झाडाचा ओंडका सापडला. लांबी १३ मीटर, आणि वय सुमारे ५००० वर्षं! लाकूड काळंभोर झालं होतं, पण इतकं घट्ट होतं की त्याचं भलंमोठं टेबल बनवता आलं.

(जाता जाता एक सांगते. आपल्याकडे रोपवाटिकेत ‘कोकोपीट’ मिळतं. ते मात्र पीट नव्हे. तो नारळाच्या काथ्याचा भुसा. नावात पीट आलं म्हणून फसू नका. खरं पीट आपल्या देशातही काही ठिकाणी आहे. निलगिरीच्या माथ्यावरच्या पाणथळीत आणि केरळच्या कुट्टनाड भागात.)

खांबाचं उत्तर

आता कोड्याकडे येऊ.

फेन्समधली दलदल सुकवून शेती करायची, असं लोकांनी ठरवलं. सतराव्या शतकात कॉर्नेलियस व्हर्मायडन नावाच्या डच इंजिनिअरनं मोठाले कालवे खणले. पाणी समुद्राकडे निघून गेलं. काळी कसदार जमीन उघडी पडली आणि तिथे जोरात पिकं येऊ लागली. उरलेलं व्हिटल्सी मिअर नावाचं मोठं तळंही १८५१ साली नव्या वाफेच्या पंपानं उपसून टाकलं.

विल्यम वेल्स हे तिथले जमीनदार. पाणी गेल्यावर जमीन किती खचते, हे त्यांना मोजायचं होतं. म्हणून त्यांनी होम फेन या ठिकाणी पीटच्या थरातून आरपार, खालच्या घट्ट चिकणमातीपर्यंत एक लोखंडी खांब पुरला. डोकं जमिनीच्या बरोबरीला.

आता कळलं ना? खांब वाढलाच नाही. जमीन खाली गेली!

ती गेली कुठे? आधी पाणी निघून गेलं, म्हणून स्पंज पिळल्यासारखी ती आकसली. मग सुकलेल्या पीटमध्ये हवा शिरली. हजारो वर्षं उपाशी बसलेल्या बारीक जीवांना मेजवानी मिळाली. त्यांनी पीट खायला सुरुवात केली, आणि त्याचा कार्बन डाय-ऑक्साइड वायू होऊन हवेत गेला. उरलीसुरली कोरडी माती वारा उडवून नेऊ लागला. आज होम फेनची जमीन समुद्रसपाटीच्याही पावणेतीन मीटर खाली आहे. ब्रिटनमधल्या सर्वांत खोल जागांपैकी ती एक.

हे नुसत्या एका खांबाचं प्रकरण नाही बरं का. जगातल्या जमिनीपैकी फक्त ३ टक्के भागावर पीट आहे. पण त्यात साठलेला कार्बन जगातल्या सगळ्या जंगलांतल्या झाडांपेक्षा जास्त आहे. पीट सुकलं, की तो कार्बन वायू होऊन वर जातो आणि पृथ्वी आणखी तापते. म्हणून ती माती ओली ठेवणं सगळ्यांच्याच हिताचं आहे. तुमच्या आणि माझ्यासुद्धा.

आणि आणखी एक गोष्ट हरवली. फुलं! इंग्लंड आणि वेल्समध्ये १९३० च्या दशकात जी फुलांची कुरणं होती, त्यांपैकी ९७ टक्के पुढच्या पन्नासेक वर्षांत नाहीशी झाली. शंभरातली तीन उरली. काही नांगरली गेली, काहींवर रासायनिक खतं पडली. खतानं गवत माजलं आणि फुलं गेली. अगदी आमच्या वाफ्यासारखं!

मातीला उपास कसा घडवतात?

आता तिथले लोक काही जागी शेती थांबवून ओली जमीन आणि फुलांची कुरणं परत आणतायत. होम फेन आणि जवळचं वुडवॉल्टन फेन ही दोन राखीव रानं जोडून एक मोठं रान करण्याचं काम २००१ मध्ये सुरू झालं. त्याचं नाव ‘ग्रेट फेन’. क्षेत्र सुमारे ३७०० हेक्टर. तिकडेच विकन फेन नावाचं जुनं राखीव रान आहे. त्याचा पहिला तुकडा नॅशनल ट्रस्ट या संस्थेनं १८९९ साली विकत घेतला होता. तो होता फक्त दोन एकरांचा, आणि किंमत दहा पौंड!

पण नुसतं “फुलांनो या” म्हटलं की फुलं येत नाहीत. पीटवर कुरण करायचं तर काही पायऱ्या असतात.

पहिली पायरी पाण्याची. जुने चर अडवून पाणी पुन्हा वर आणायचं. पण बेतानं. पाणी फारच साचलं तर सगळीकडे बोरू माजतो. फारच खाली गेलं तर पीट सुकतं. पावसाळी फडकं पिळून वाळत घातल्यावर जसं ओलसर राहतं, तशी माती राहिली पाहिजे.

दुसरी पायरी उपासाची. शेतीच्या वर्षांत घातलेलं खत मातीत शिल्लक असतं. ते काढायचं कसं? खत काही चमच्यानं उचलता येत नाही. मग गवत वाढू द्यायचं, कापायचं आणि कापलेलं गवत तिथून बाहेर न्यायचं. गवतानं मातीतून जे खाल्लं, ते गवताबरोबर बाहेर जातं. दुसऱ्या वर्षी पुन्हा तेच. तिसऱ्या वर्षी पुन्हा. कापलेलं गवत तिथेच कुजू दिलं, तर उपास मोडला म्हणून समजा! कधी कधी खताचा वरचा थरच खरवडून काढतात. पण पीट जिथे उत्तम आहे आणि त्याची स्वतःची झाडं आहेत, तिथे नांगर, फावडं काही लावायचं नाही. त्याला जसं आहे तसंच राहू द्यायचं.

उपाशी मातीत फुलं का येतात, हे पंगतीवरून समजतं. पंगतीत दोन आडदांड पाहुणे बसले आणि वाढप्यानं भरपूर वाढलं, की ते फुगून दुप्पट होतात, हातपाय पसरतात आणि शेजारच्या लहान मुलांना बसायलाही जागा उरत नाही. उंच गवतं म्हणजे हे आडदांड पाहुणे. खत मिळालं की ती भराभर वाढतात आणि बुटक्या फुलझाडांचं ऊन अडवतात. पण ताटात थोडंच वाढलं, तर आडदांडांचं काही चालत नाही. थोडक्यात भागवणारी सगळी जण शेजारी शेजारी बसतात. म्हणून गरीब मातीत जाती जास्त असतात.

तिसरी पायरी बियांची. दुकानातलं दूरदेशीचं बी नको. जवळच्या जुन्या कुरणातलं हवं, कारण ते त्या पाण्याला, त्या थंडीला सरावलेलं असतं. यासाठी त्यांची एक सोपी युक्ती आहे. जुन्या कुरणात बी पिकलं, की तिथलं गवत फुलांसकट कापायचं, त्याच दिवशी गाडीत घालून नव्या जागी आणायचं आणि पातळ पसरायचं. गवत वाळतं, बी खाली पडतं. एका जागेची बारशाची आमंत्रणं दुसऱ्या जागी पोचली!

चौथी पायरी चोराची. हो, चोराची! ‘यलो रॅटल’ नावाचं एक पिवळ्या फुलाचं झाड आहे. रॅटल म्हणजे खुळखुळा. त्याचं बोंड वाळलं की आत बिया खुळखुळतात. हे झाड जमिनीखाली आपली मुळं गवताच्या मुळांना चिकटवतं आणि गवताचं अन्नपाणी चोरतं. गवत अशक्त होतं आणि इतर फुलांना जागा मिळते. शेतकऱ्यांच्या मुलांनो, ओळखलंत का? आपल्या ज्वारीच्या शेतातला टारफुला! तो ज्वारीच्या मुळांतून असंच चोरतो. हे दोघे एकाच कुळातले. टारफुला शेतात आला की शेतकरी डोक्याला हात लावतो. आणि तिकडे कुरणात मुद्दाम खुळखुळा पेरतात. म्हणजे चोर चांगला की वाईट, हे तो कुणाच्या घरात शिरला त्यावर ठरतं. मात्र खुळखुळ्याला फार पाणथळ जागा आवडत नाही, म्हणून तो जरा उंचवट्यावर पेरतात. शिवाय त्याच्या बीला हिवाळ्याची थंडी लागल्याशिवाय ते रुजतच नाही.

पाचवी पायरी धीराची. आमरी, म्हणजे ऑर्किड, हिचं बी धुळीच्या कणाएवढं असतं. त्यात शिदोरी नसतेच. मातीतली ठरावीक बुरशी तिला भेटली, तरच ती रुजते. ती बुरशी यायला, रुजायला, फूल यायला वर्षं जातात. विकन फेनच्या लोकांनी तर १९९९ मध्ये आपलं रान वाढवण्याची योजना आखली ती शंभर वर्षांची! ज्यांनी आखली, त्यांना शेवट दिसणार नाही, हे त्यांना माहीत होतं.

एवढं सगळं जमलं, की मग फुलं येतात. कोण कोण? वसंतात सोन्यासारखं पिवळं मार्श मॅरीगोल्ड. मग फिकट जांभळं ‘कक्कू फ्लॉवर’, म्हणजे कोकिळेचं फूल. नारिंगी टोकाच्या पंखांचं एक फुलपाखरू त्यावर अंडी घालतं. गुलाबी ‘रॅगेड रॉबिन’. त्याच्या पाकळ्या चिंध्या केल्यासारख्या फाटलेल्या दिसतात. आणि शेवटी निळं-जांभळं ‘डेव्हिल्स बिट’, म्हणजे सैतानाचा चावा! त्याचं मूळ तोडल्यासारखं आखूड असतं. तिथल्या आजीबाई सांगायच्या, की या औषधी झाडाचा सैतानाला राग आला आणि त्यानं खालून मूळच चावून टाकलं. आहे की नाही आपल्या आजीच्या गोष्टीसारखं?

कासच्या पठारावर

ताईची गोष्ट संपली तेव्हा एका मुलानं विचारलं, “बाई, मग कासला खत कोण घालतं?”

बरोब्बर प्रश्न! कासला कुणीच खत घालत नाही. साताऱ्यापासून साधारण २५ किलोमीटरवर हे पठार आहे. २०१२ साली पश्चिम घाटाला जागतिक वारशाचा मान मिळाला, त्यात कासही आलं. तिथे पीट नाही. जांभ्या दगडाच्या कातळावर मातीचा पातळसा थर आहे. कुठे चार बोटं, कुठे तेवढाही नाही. मोठं झाड तिथे मूळच धरू शकत नाही. पण पावसाळ्यात तिथे तेरड्याचे गालिचे, सोनकीचा पिवळा रंग, गेंदाची पांढरी बोंडुली. सात वर्षांतून एकदा फुलणारी टोपली कारवीही तिथे आहे.

आणि तिथेच एक छोटंसं झाड असतं, दवबिंदू. त्याच्या पानांवर चिकट थेंब चमकतात. किडा दव समजून बसला, की चिकटला! मग झाड त्याला पचवून टाकतं. कारण मातीतून पोट भरत नाही, म्हणून ते किडे खातं. निळसर-जांभळी सीतेची आसवंही तशीच. दिसायला नाजूक, पण जमिनीत बारीक फुग्यांचे सापळे लावून बसलेली.

आता गंमत ऐका. याच दवबिंदूचे भाऊबंद युरोपात कुठे राहतात? पीटच्या दलदलीत! जिथे फक्त पावसाचं पाणी मिळतं आणि माती अगदी उपाशी असते, तिथे. इकडे कातळ, तिकडे पीट. हवा वेगळी, देश वेगळा. पण उपास तोच, म्हणून युक्तीही तीच.

कासनं आपल्याला आणखी एक धडा दिला. गर्दी वाढली तेव्हा फुलं तुडवली जाऊ नयेत म्हणून पठाराला जाळी मारली होती. हेतू चांगलाच होता. पण गुरं आत जाईनाशी झाली, तेव्हा गवत उंच वाढून फुलं कमी होतायत, असं गावकरी आणि अभ्यासक म्हणू लागले. गुरांचं चरणं म्हणजे कापून बाहेर नेणंच नाही का? विकन फेनलाही याच कामासाठी घोडे आणि गुरं सोडली आहेत. फार चरली तर माळ उजाड होतो, अजिबात नाही चरली तर गवत माजतं. बेत सांभाळणं महत्त्वाचं.

पुन्हा शाळेमागे

मग आम्ही काय केलं? बी पडून गेल्यावर सगळं गवत कापलं आणि एका पालकांच्या गोठ्यात पोचवलं. म्हशी खूश! खताचा वरचा थर घमेल्यांनी खरवडला आणि शाळेच्या परसबागेत टाकला. वांगी आणि मेथी त्या वर्षी झकास आली. जे जिथलं, ते तिथे गेलं.

तेवढ्यात एक भले गृहस्थ म्हणाले, “बाई, ट्रॅक्टरभर काळी माती आणून टाकतो. लॉन करा. शाळा कशी शहरातल्यासारखी दिसेल.” त्यांनी मनापासून विचारलं होतं. नाही म्हणणं जड गेलं. मी म्हटलं, “मुलांनाच विचारा.” मुलं गप्प राहिली. मग फजितीच्या वर्षी सगळ्यांत जास्त घमेली उचलणारी मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, “काका, आमच्या मातीचा उपास आहे.” काका पोट धरून हसले. तिला त्यांनी सगळं विचारून घेतलं, आणि लॉनऐवजी मुलांना दोन विळे आणि एक दाताळं दिलं.

पुढच्या पावसाळ्यात जादू झाली म्हणाल, तर तसं झालं नाही. तेरडा आला. कवला आला. सोनकी आलीच नाही. मुलं हिरमुसली. पण आम्ही सुतळीनं एक मीटरचा चौकोन आखून त्यातल्या जाती मोजायचं ठरवलं होतं. फजितीच्या वर्षी मोजल्या होत्या चार. या वेळी भरल्या नऊ. आणि गेल्या भाद्रपदात, तिसऱ्या वर्षी, कोपऱ्यात सोनकीची दोन रोपं दिसली. दोनच! पण सगळी शाळा बघायला आली. त्या वेळी ज्यांनी बी गोळा केलं होतं, ती मुलं आता हायस्कूलला जातात. तीही दप्तरं घेऊन आली. त्यांच्यातला एक मला हळूच म्हणाला, “बाई, हे माझ्याच पुडीतलं असेल का हो?”

असेलही. मी “हो” म्हटलं.

तुम्हीही करून बघा

अंगण, शाळेचा कोपरा, सोसायटीच्या भिंतीकडची पट्टी, काहीही चालेल. मोठ्यांना विचारून हे करा.

१. आधी एक पावसाळा फक्त बघा. आपोआप काय उगवतं, त्याची वहीत नोंद ठेवा.

२. खत घालू नका. बाहेरची माती आणू नका.

३. बी जवळच्याच बांधावरचं, रस्त्याकडेचं घ्या, तेही मूठभरच. एका झाडाचं सगळं बी काढू नका. कास किंवा कुठल्याही राखीव रानातून बी, रोप, फूल काहीही आणायचं नाही.

४. फुलं संपून बी गळेपर्यंत गवत कापू नका. बी गळल्यावर कापा आणि बाहेर न्या. तिथे जाळू मात्र नका.

५. गाजर गवत दिसलं, तर ते फुलायच्या आत मुळासकट उपटा. त्यानं काहींना खाज सुटते, म्हणून हातमोजे घाला.

६. दर वर्षी एकाच जागी सुतळीचा चौकोन आखा, जाती मोजा आणि तारीख लिहा.

पालकांना एकच विनंती आहे. मुलांनी राखलेला तो कोपरा तुम्हाला वर्षातले आठ महिने ओसाड वाटेल. “काय हे रान माजवलंय!” असं म्हणून तो साफ करू नका. वाळलेल्या त्या काड्यांखाली पुढच्या श्रावणाचं बी पडलेलं असतं.